बरोबरच्या चिन्हाची भाषा : अमेरिकन प्रवेशपरीक्षेच्या शब्दयादीची एक चिकित्सा

प्रास्ताविक

इंग्रजी शब्दसंग्रह वाढवायचा आहे, कोणते पुस्तक घेऊ, हा प्रश्न इंग्रजीच्या अध्यापकाला शैक्षणिक वर्षाच्या आरंभी हमखास विचारला जातो. विचारणाऱ्या विद्यार्थ्याला उत्तरात कादंबरीचे वा निबंधसंग्रहाचे नाव अपेक्षित नसते. त्याला यादी हवी असते. शक्यतो क्रमांक घातलेली, रोज वीस शब्द याप्रमाणे किती दिवसांत संपेल याचा हिशेब करता येईल अशी. प्रस्तुत लेखिकेनेही बारावीनंतरच्या सुट्टीत पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून जुने पुस्तक आणून अशी यादी पाठ केली होती. हे आधीच नमूद केलेले बरे. पुढील विवेचनात जुना हिशेब चुकता करण्याचा काही भाग आढळल्यास वाचकांनी तो वजा करून घ्यावा.

ही यादी हा एक ग्रंथप्रकार आहे. त्याला इतिहास आहे, रचना आहे, भाषेविषयीची एक ठाम समजूत आहे. तरीही समीक्षेने त्याकडे ग्रंथ म्हणून पाहिलेले नाही. परीक्षेची साधने म्हणून ही पुस्तके बाजूला ठेवली गेली. वास्तविक आपल्याकडील असंख्य विद्यार्थ्यांनी इंग्रजीत संपूर्ण वाचलेले एकमेव पुस्तक बहुधा हेच असते. म्हणून येथे या यादीची, आणि जिच्या पोटी ती जन्मली त्या अमेरिकेतील ‘एस.ए.टी.’ या महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षेची, चिकित्सा केली आहे. अवघड शब्दांमुळे वंचित विद्यार्थ्यांवर अन्याय होतो, सबब परीक्षेतून अवघड शब्द काढावेत, असा एक सर्वमान्य युक्तिवाद आहे. तो जसाच्या तसा स्वीकारता येत नाही, असे येथे दाखवावयाचे आहे.

परीक्षा आणि तिची सावली

‘एस.ए.टी.’ ही परीक्षा प्रथम २३ जून १९२६ रोजी घेण्यात आली. ८,०४० विद्यार्थी बसले होते. ९७ मिनिटांत ३१५ प्रश्न सोडवावयाचे होते, म्हणजे एका प्रश्नास वीस सेकंदही नाहीत. प्रश्नांच्या नऊ गटांत शब्दांच्या व्याख्या, विरुद्धार्थी शब्द आणि शब्दसंबंध असे तीन गट थेट शब्दज्ञानावर बेतलेले होते. एक गट तर कृत्रिम भाषेचा होता. परीक्षेचे शिल्पकार कार्ल ब्रिगहॅम हे मानसशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धातील सैनिकांच्या बुद्धिमापन चाचण्यांशी संबंधित होते. त्या चाचण्यांच्या आधारे वंशावंशांची बौद्धिक प्रतवारी लावणारा ग्रंथ त्यांनी १९२३ मध्ये प्रसिद्ध केला आणि १९३० मध्ये आपल्या त्या निष्कर्षांना आधार नसल्याची जाहीर कबुलीही दिली. परीक्षा मात्र राहिली, आणि परीक्षेच्या नावातील ‘ॲप्टिट्यूड’ म्हणजे ‘अंगभूत क्षमता’ हा शब्दही पुढे साठेक वर्षे राहिला.

हा शब्द महत्त्वाचा आहे. ज्याच्यापाशी शब्द अधिक त्याच्यापाशी क्षमता अधिक, असे मानले की शब्द हे क्षमतेचे लक्षण ठरते. लक्षण पाठ करता येत नाही. ताप नसलेल्याने थर्मामीटर चहात बुडवून ताप आणावा, तसेच ते होईल. म्हणूनच या परीक्षेची तयारी शिकवणीने होत नाही, असे तिच्या चालकांचे दीर्घकाळ अधिकृत म्हणणे होते. परंतु स्टॅन्ली कॅप्लन यांनी १९४६ पासून ब्रुकलिनमध्ये या परीक्षेच्या शिकवण्या चालविल्या, आणि १९५४ मध्ये बॅरन्स या प्रकाशनाचे ब्राउनस्टीन व वाइनर यांनी लिहिलेले तयारीचे पुस्तक निघाले. त्याच्या आवृत्त्यांतून साडेतीन हजार शब्दांची अकारविल्हे यादी घरोघर पोहोचली. परीक्षा म्हणत होती, हे शिकता येत नाही. यादी म्हणत होती, रोज थोडे शिका. दोघींचे एकमेकींवाचून चालत नव्हते, ही गोष्ट वेगळी.

पुढील बदल थोडक्यात सांगता येतात. विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न १९९४ मध्ये गेले. शब्दसंबंधांचे प्रश्न २००५ मध्ये गेले. त्यामागे कॅलिफोर्निया विद्यापीठाचे तत्कालीन अध्यक्ष रिचर्ड ॲटकिन्सन यांचे २००१ मधील भाषण कारणीभूत ठरले. एका सधन खासगी शाळेत बारा वर्षांची मुले तासन्‌तास शब्दसंबंध घोटताना पाहून आपण अस्वस्थ झालो, असे त्यांनी त्यात सांगितले होते. वाक्यातील रिकाम्या जागा भरण्याचे प्रश्न २०१६ मध्ये गेले. विद्यार्थी परीक्षेनंतर विसरून जातात अशा दुर्मिळ शब्दांऐवजी उच्च शिक्षणात वारंवार लागणारे शब्द संदर्भासह विचारू, अशी भूमिका कॉलेज बोर्डाने २०१४ मध्ये जाहीर केली होती. परीक्षा संगणकावर गेल्यानंतर (अमेरिकेबाहेर २०२३, अमेरिकेत २०२४) पंचवीस ते दीडशे शब्दांच्या छोट्या उताऱ्यांवर प्रश्न येऊ लागले आणि त्यांत रिकामी जागा पुन्हा दाखल झाली. तिच्याबरोबर याद्याही परतल्या.

यादी नावाचे वाङ्मय

यादीची मूळ रचना एका ओळीची असते. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे त्याचा सोपा प्रतिशब्द, खाली एखादे वाक्य. विद्यार्थी वाक्य गाळतो, कारण ते लांब असते. उरते ते समीकरण. ‘ऑब्सीक्विअस’ बरोबर आज्ञाधारक. ‘गॅरुलस’ बरोबर बोलका. ‘लोक्वेशस’ बरोबर बोलका. ‘व्हॉल्युबल’ बरोबर बोलका.

मराठी वाचकाला या समीकरणातील खोट समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या भाषेत बोलका, बोलघेवडा, गप्पिष्ट, बडबड्या, वाचाळ, तोंडाळ असे शब्द आहेत. बोलका हे कौतुक आहे. गप्पिष्टात आपुलकी आहे. बडबड्या लहान मुलाला शोभतो, मोठ्या माणसाला नाही. बोलघेवडा म्हटले की बोलण्यापलीकडे काही करीत नसल्याचा आरोप येतो. वाचाळ ही निंदा आहे आणि तोंडाळ म्हणजे भांडणाची तयारी. या सहाही शब्दांपुढे ‘पुष्कळ बोलणारा’ असे लिहून परकीय विद्यार्थ्याला पाठ करावयास दिले, तर तो सासूबाईंच्या वर्णनात कोणता शब्द घालील आणि त्याचे काय परिणाम होतील, याची कल्पना करावी.

असाच एक प्रसंग वर्गात घडला. गुरुजनांविषयी निबंध लिहिताना एका विद्यार्थ्याने आपण शिक्षकांशी नेहमी ‘ऑब्सीक्विअस’ वागतो, असे अभिमानाने लिहिले. यादीप्रमाणे त्याचे उत्तर बरोबर होते. त्या लॅटिन मुळाचा अर्थ अनुसरणे, मर्जीप्रमाणे वागणे असाच आहे आणि जुन्या इंग्रजीत हा शब्द आज्ञाधारकपणासाठी निर्दोष अर्थाने वापरलाही जात असे. आज मात्र त्याची मराठी छाया ‘हांजी हांजी करणारा’ किंवा स्पष्टच बोलायचे तर ‘लाळघोट्या’ अशी आहे. मुलाने लाल शाईच्या खुणेकडे पाहून विचारले की पुस्तकात चूक आहे का. पुस्तकात चूक नव्हती. पुस्तकाने कोण कोणाविषयी, कोणत्या सुरात हा शब्द वापरतो, एवढेच सांगितले नव्हते. आणि शब्दाचा अर्थ म्हणजे बव्हंशी एवढेच असते.

येथे अमरकोशाचा दाखला देऊन आक्षेप घेता येईल. आपल्या पाठशाळांत विद्यार्थी काव्य हाती घेण्यापूर्वी अमरकोश मुखोद्गत करीत, आणि तो तर पर्यायशब्दांचाच संग्रह आहे. हा आक्षेप रास्त आहे. परंतु दोन भेद लक्षात घ्यावे लागतात. अमरकोशाचे मूळ नावच ‘नामलिङ्गानुशासन’ आहे. तो शब्दाबरोबर त्याचे लिंग, म्हणजे त्याच्या वापराचा एक नियम देतो, आणि शब्दांची मांडणी अकारविल्हे न करता स्वर्ग, भूमी, वनौषधी, मनुष्य अशा वर्गांनी करतो. शब्द आपल्या शेजाऱ्यांसह येतो. दुसरे असे की अमरकोश पाठ केल्यावर विद्यार्थी रघुवंशाकडे वळत असे. पाठांतर ही वाचनाची पूर्वतयारी होती. आधुनिक यादीनंतर काहीच येत नाही. तिच्यानंतर परीक्षा येते.

यादीच्या कर्त्यांना ही उणीव दिसली नव्हती असे नाही. नॉर्मन लुईस यांचे १९४९ मधील ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ हे पुस्तक, जे आपल्याकडे आजही पदपथावर मिळते, तिच्यावर दोन उपाय करते. एक, शब्द विषयवार येतात. आरंभीच माणसांच्या स्वभावांचे शब्द आहेत, मग डॉक्टरांचे. दोन, शब्दांची लॅटिन व ग्रीक मुळे दिली जातात. संस्कृतातील धातू-उपसर्गांची ओळख असणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याला ही दुसरी पद्धत चटकन जवळची वाटते, आणि ती खरोखरच उपयुक्त आहे. परंतु मूळ हे स्मरणाचे साधन आहे, अर्थाचे प्रमाण नव्हे. ‘हृ’ म्हणजे नेणे, हे ठाऊक असणाऱ्या माणसाला आहार, विहार, प्रहार, संहार आणि परिहार यांचे अर्थ तेवढ्यावरून काढता येतील काय? अर्थ माहीत झाल्यावर मूळ पटते, आधी नाही. इंग्रजीत ‘एनर्व्हेट’ या शब्दात ‘नर्व्ह’ दिसल्यामुळे चेतना देणे असा तर्क करणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. शब्दाचा अर्थ आहे निर्बल करणे, शिरांतले बळ काढून घेणे. लुईस यांच्या पुस्तकाचा मोठेपणा त्यांच्या सूत्रापेक्षा स्वरात आहे. ते वाचकाशी बोलतात, त्याला चिडवतात, पुन्हा पुन्हा तोच शब्द वेगळ्या वाक्यात आणतात. पाच-सहा वेळा भेटल्यावर शब्दाशी ओळख होते, हे त्यांनी अचूक हेरले होते.

सर्वांत विलक्षण प्रयोग १९९४ मध्ये झाला. चार्ल्स हॅरिंग्टन एल्स्टर आणि जोसेफ एलियट यांनी ‘टूथ अँड नेल’ नावाची एक रहस्यकथाच लिहिली आणि परीक्षेचे शब्द तिच्यात ठळक अक्षरांत पेरले. यादीला कथानक देण्याची कल्पना प्रथमदर्शनी मोहक आहे. वाचताना मात्र ठळक शब्द भातातल्या खड्यांसारखे दाताखाली येतात. दोष लेखकांच्या कौशल्याचा नाही, रचनेचा आहे. कादंबरीत पात्रासाठी शब्द निवडला जातो. येथे शब्दासाठी पात्र हजर केलेले असते. तरीही न्याय करावयाचा तर सांगितले पाहिजे की, यादीला संदर्भ हवा, हे मान्य करणारे हे पुस्तक पुढे वीस वर्षांनी झालेल्या अधिकृत सुधारणेच्या दिशेने आधीच निघाले होते.

अवघड शब्द कोणाला अवघड?

आता मूळ प्रश्नाकडे. अवघड शब्द हे उच्चभ्रूंचे कुंपण आहे, या मताच्या पुष्ट्यर्थ एक प्रश्न नेहमी सांगितला जातो. धावपटूचा मॅरेथॉनशी जो संबंध, तो कोणाचा कशाशी? अपेक्षित उत्तर होते वल्हेकऱ्याचा ‘रेगाटा’शी, म्हणजे नौकाशर्यतीशी. नौकाशर्यती जेथे होतात त्या क्लबांत आणि शाळांत वाढलेल्या मुलाला हा प्रश्न म्हणजे प्रश्नच नव्हे. इतरांसाठी तो अडसर. टीका यथार्थ आहे.

परंतु २००३ मध्ये ‘हार्वर्ड एज्युकेशनल रिव्ह्यू’मध्ये रॉय फ्रीडल यांचा एक लेख प्रसिद्ध झाला आणि चित्र गुंतागुंतीचे झाले. फ्रीडल हे ‘एस.ए.टी.’ तयार करणाऱ्या ‘ई.टी.एस.’ या संस्थेचेच निवृत्त संशोधक. एकूण गुण सारखे असलेले कृष्णवर्णीय व श्वेतवर्णीय विद्यार्थी घेऊन, प्रश्नागणिक त्यांची कामगिरी कोठे वेगळी पडते हे तपासण्याची पद्धत रूढ होतीच. फ्रीडल यांनी ही तफावत प्रश्नाच्या काठिण्याशी ताडून पाहिली. त्यांना आढळले ते अपेक्षेच्या उलट होते. भाषिक विभागातील सोप्या प्रश्नांत कृष्णवर्णीय विद्यार्थी किंचित मागे पडत होते आणि अवघड प्रश्नांत किंचित पुढे जात होते. फरक प्रत्येक प्रश्नामागे थोडा होता, पण त्याची दिशा सातत्याने तीच होती.

त्यांनी दिलेले कारण समीक्षकाला विचार करावयास लावणारे आहे. सोप्या प्रश्नांतले शब्द रोजच्या वापरातले असतात, आणि रोजच्या वापरातल्या शब्दांना अनेक अर्थ असतात. कोणता अर्थ आधी सुचेल, हे घर, वस्ती, समाज ठरवितो. दुर्मिळ शब्द मात्र घरात कोणी बोलत नाही. तो सर्वांना शाळेत, पुस्तकातच भेटतो आणि त्याचा अर्थही बहुधा एकच, नेमका असतो. म्हणजे सोप्या शब्दावर प्रत्येक समाजाच्या बोटांचे ठसे उमटलेले असतात. अवघड शब्द त्या मानाने कोरा असतो.

या लेखावर ‘ई.टी.एस.’च्या संशोधकांनी पद्धतीविषयी गंभीर आक्षेप घेतले. २०१० मध्ये त्याच नियतकालिकात सँटेलिसेस आणि विल्सन यांनी नव्या माहितीवर फेरतपासणी केली. भाषिक विभागापुरता आणि कृष्णवर्णीय-श्वेतवर्णीय तुलनेपुरता त्यांना काही अंशी दुजोरा मिळाला. हिस्पॅनिक विद्यार्थ्यांबाबत तसे स्पष्ट चित्र दिसले नाही. तेव्हा हा सिद्धांत सार्वत्रिक नियम म्हणून मिरविता येणार नाही. पण त्याने एक प्रश्न मात्र कायमचा उभा केला आहे, आणि ‘रेगाटा’चे उदाहरण त्याच्याशेजारी ठेवले की तो अधिक स्पष्ट होतो. अवघड शब्द दोन जातींचे असतात. ‘रेगाटा’ हा आवारातला अवघड शब्द आहे. तो काहींना घरबसल्या मिळतो आणि इतरांना पुस्तकातही सहसा भेटत नाही. ‘ॲब्स्ट्रूज’, ‘लॅकॉनिक’, ‘ऑब्सीक्विअस’ हे बव्हंशी पुस्तकातले अवघड शब्द आहेत. श्रीमंताच्या मुलालाही ते बसून शिकावे लागतात, जरी त्याला बसायला टेबल आणि शिकवायला माणूस मिळतो हे खरे असले तरी. पहिल्या जातीचा शब्द परीक्षेत घालणे अन्याय आहे. दुसऱ्या जातीचा शब्द काढून टाकणे हा न्याय आहे असे मात्र आपोआप ठरत नाही.

२०१६ च्या सुधारणेने हा भेद केला नाही. तिने दुर्मिळ शब्द सरसकट मागे सारले आणि त्यांच्या जागी परिचित शब्दांचे अपरिचित अर्थ विचारण्यास आरंभ केला. कॉलेज बोर्डाने नमुन्यादाखल दिलेल्या एका प्रश्नात ‘इंटेन्स’ या शब्दाचा उताऱ्यातील अर्थ विचारला होता. उत्तर होते एकवटलेला, दाट. ज्याने हा शब्द केवळ भावनांच्या तीव्रतेसाठी ऐकला आहे तो येथे चुकतो, आणि आपण का चुकलो हे त्याला कोणतीही यादी सांगत नाही. भाषाशिक्षण म्हणून हा प्रश्न जुन्या शब्दसंबंधांपेक्षा शतपट चांगला आहे, याविषयी प्रस्तुत लेखिकेच्या मनात शंका नाही. तो वाचनाची परीक्षा घेतो. परंतु तो अधिक सोपा आहे, किंवा बाहेरून आलेल्याला अधिक अनुकूल आहे, हा दावा तपासून घेतला पाहिजे. यादी कितीही भिकार शिक्षक असली तरी ती मर्यादित असते. तिला शेवट असतो. ज्याच्या घरात इंग्रजी पुस्तक नाही आणि ज्याला वाचनाची दहा वर्षे परत मिळणार नाहीत, त्याला ती सहा महिन्यांत संपविता येते. संदर्भातून अर्थ ओळखण्याची क्षमता मात्र लहानपणापासून वाचणाऱ्याचीच मिरास ठरण्याचा धोका आहे. यादी पाठ करणारी ती बारा वर्षांची मुले पाहून अस्वस्थ व्हावे हे योग्यच. पण ज्यांना यादीशिवाय दुसरे दार नव्हते, ती मुले त्या भाषणात नव्हती.

आपल्या वर्गातले सोपे शब्द

महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. बारावीनंतर केंद्रीय विद्यापीठांत प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी २०२२ पासून ‘सी.यू.ई.टी.’ आली, आणि तिच्या इंग्रजीच्या अभ्यासक्रमात समानार्थी-विरुद्धार्थी शब्द आजही आहेत. अमेरिकेत जो प्रकार १९९४ मध्ये निवृत्त झाला त्याची आपल्याकडे नव्याने नेमणूक झाली, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. साहजिकच तालुक्याच्या गावापर्यंत याद्या पोहोचल्या आहेत, आता छापील पुस्तकांबरोबर भ्रमणध्वनीवरही.

फ्रीडल यांची निरीक्षणे अमेरिकेतील विशिष्ट समाजगटांविषयी आहेत. ती मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला जशीच्या तशी लावणे अशास्त्रीय होईल. पण त्यांचे कारणमीमांसेचे सूत्र हाती घेऊन आपल्या वर्गाकडे पाहिले की काही गोष्टी दिसू लागतात. पुढे नोंदविले आहे ते एका अध्यापिकेचे निरीक्षण आहे, संशोधन नव्हे.

आपल्या विद्यार्थ्याला यादीतले अवघड शब्द फारसे छळत नाहीत. ते परके आहेत हे त्याला ठाऊक असते. तो सावध असतो, शब्दकोश उघडतो. त्याला पाडतात ते मराठीत नांदणारे इंग्रजी शब्द. ‘क्रिटिकल’ म्हणजे अत्यवस्थ, दवाखान्यात असलेला. आता ‘एस.ए.टी.’च्या भाषिक विभागाचे २००५ ते २०१६ या काळातील नावच ‘क्रिटिकल रीडिंग’ होते! ‘कॅरेक्टर’ म्हणजे चारित्र्य, आणि तेही बहुधा वाईट. कादंबरीच्या प्रश्नात ‘नायकाचे कॅरेक्टर’ आले की उत्तरपत्रिकांत त्याच्या नीतिमत्तेचा निवाडा सुरू होतो. ‘हॉटेल’ म्हणजे जेथे चहा आणि मिसळ मिळते ते. उताऱ्यातला प्रवासी हॉटेलात आठ दिवस काय करीत होता, हा एका मुलीला पडलेला प्रश्न अगदी प्रामाणिक होता. ‘क्वालिफाय’ म्हणजे पात्र ठरणे. लेखक आपले विधान ‘क्वालिफाय’ करतो, म्हणजे त्याला मर्यादा घालतो, हे वाचल्यावर विद्यार्थी लेखक उत्तीर्ण झाला असे समजतो. ‘टेन्शन’विषयी काही सांगावयास नको.

हे शब्द कोणत्याही यादीत नसतात, कारण यादीकर्त्याच्या दृष्टीने ते सोपे आहेत. विद्यार्थी ते शब्दकोशात पाहत नाही, कारण त्याच्याही दृष्टीने ते सोपे आहेत. किंबहुना ते त्याच्या मातृभाषेचे झाले आहेत, आणि मातृभाषेचा शब्द कोशात पाहण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. येथे दोष विद्यार्थ्याचा नाही आणि मराठीचाही नाही. भाषा उसना घेतलेला शब्द आपल्या गरजेप्रमाणे बेतून घेते, हा तिचा हक्कच आहे. अध्यापकाने एवढे ओळखावे की उताऱ्यात ‘क्रिटिकल’ आला तेव्हा विद्यार्थ्यासमोर एकाच वेषातले दोन शब्द उभे असतात.

या जाणिवेतून गेल्या तीन वर्षांपासून आमच्या वर्गात एक नोंदवही चालविली जाते. तिच्यात यादी नाही. ज्या इंग्रजी शब्दाने घात केला तो शब्द, तो कोठे भेटला ती जागा, आणि आपण आधी काय समजलो होतो, एवढे विद्यार्थी लिहितात. बरोबरचे चिन्ह वापरण्यास मनाई आहे. गुणांत यामुळे किती फरक पडला हे सांगण्याजोगे मोजमाप प्रस्तुत लेखिकेजवळ नाही. नोंदी मात्र वाचनीय असतात. ‘पेशंट’ या शब्दाच्या पानावर पहिली नोंद होती : रुग्ण, जागा सरकारी दवाखाना. दुसरी : धीराचा, जागा इंग्रजीचा उतारा. दोन्हींचे लॅटिन मूळ एकच, सोसणे असे आहे, हे वर्गात सांगितल्यावर मागच्या बाकावरील एक मुलगी म्हणाली, “म्हणजे सोशिक ना, मॅडम?” यादीत ‘सहनशील’ दिलेले असते. सोशिक अधिक नेमका होता, आणि दोन्ही नोंदींना एकत्र बांधणाराही.

‘सँक्शन’चे पान अजून मिटलेले नाही. एका मुलाने लिहिले आहे : मंजूर होणे, जागा आमचे पीककर्ज. त्याखाली दुसऱ्याची नोंद आहे : निर्बंध, जागा इराणविषयीची बातमी, आधी समजलो की इराणचे काहीतरी मंजूर झाले. एकच शब्द परवानगी आणि शिक्षा दोन्ही कसा असू शकतो, यावर वर्गात दोन तास गेले. ज्याचे पीककर्ज होते त्याचे म्हणणे असे की बँकेत गेल्यावर दोन्ही अर्थ एकदमच कळतात. ते त्याने पानावर लिहून ठेवले आहे.